नाव घ्यायचं न्हाय

३ नोव्हेंबर

तोंड मिटून बसता आलं असतं. नाही बसले. आता भोगा!

रणधीर सरांनी सकाळी सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. सगळे म्हणजे तरी किती! आमचा जनसंवाद कक्ष म्हणजे लिहिणारी मी, चित्रं काढणारी हर्षाली, आवाज देणारे गुंडाप्पा आणि जीप चालवणारा विरुपाक्ष. डोळ्यांचं शिबिर असो, लसीकरण असो, पाणी गाळून प्या असो — मी लिहायचं, गुंडाप्पांनी म्हणायचं, आणि जीपवरच्या भोंग्यातून जिल्हाभर ऐकवायचं. पथनाट्यं आमचीच, भिंतीवरच्या ओळीही आमच्याच. आता म्हणे एआय वापरायचं ठरलंय. आणि वरून बजावलंय की कर्मचाऱ्यांना विश्वासात घ्या, त्यांना सहभागी करा. यंत्राला कोणतं काम द्यायचं आणि कोणतं नाही, हे तुम्हीच सांगा, असं सर म्हणाले.

ताटलीतली भजी गार होत चाललेली. मला राहवेना. म्हटलं, सर, तुम्ही विचारून ठरवणार की ठरवून विचारताय?

ते रागावतील वाटलं होतं. उलट खूश! म्हणाले, असंच बोलणारं माणूस मला हवं होतं. आणि मला समन्वयक करून टाकलं. सुखाचा जीव दुःखात घालणं म्हणतात ते हेच.

४ नोव्हेंबर

'एआय' हा शब्द आमच्याकडं टिकायचा नाही. गुंडाप्पांनी तो ऐकला आणि हसत सुटले. "ए आय म्हणून हाक मारायची व्हय त्याला? आन् ती ओ देती?" इकडं पोरं आईला अशीच हाक मारतात — ए आय, भूक लागली! दुपारपर्यंत यंत्राचं नाव 'आय' पडलं. हर्षाली सरांपुढं बोलून गेली, थांबा, आयला विचारते. सर पुण्याकडचे. त्यांना वाटलं पोरीनं शिवी हासडली. चष्मा काढून बघत राहिले.

मीही हसले. पण दुपारभर व्हरांड्यात येरझारा घातल्या. चहा तीनदा गरम केला, प्यायला एकदाही नाही.

६ नोव्हेंबर

एकेकाला विचारत फिरले. विरुपाक्ष म्हणाला, गाडी धुती का ती? न्हाय? मग काय उपयोगाची. हर्षाली सगळं द्यायला तयार आहे, फक्त बायकांच्या साड्या ती स्वतः तपासणार. कारण कालच यंत्रानं काढलेल्या शेतकरणीचा पदर भलत्याच खांद्यावर होता आणि पाठीमागं नारळाची झाडं! सरांनी हे मनापासून लिहून घेतलं. माणूस बरा आहे, ढोंग नाही करत.

गुंडाप्पांना विचारलं तर म्हणाले, "माझं काय घिणार ती? घसा?"

मला कुणी विचारलं नाही. समन्वयकाला कोण विचारतं!

८ नोव्हेंबर

यंत्रानं लिहिलेली पहिली घोषणा: 'आपल्या नेत्रांची निगा राखा, उज्ज्वल भविष्य घडवा.' नेत्र! कळंबपासून उमरग्यापर्यंत एकाही माणसाला नेत्र नाहीत, सगळ्यांना डोळे आहेत. दिवस मजेत गेला.

९ नोव्हेंबर

मजा संपली. आज त्यानं लिहिलं: 'सुई ओवायला नातवाला हाक मारता — आता एक हाक डॉक्टरला मारा.' चांगली आहे. इतकी चांगली की मला राग आला. संध्याकाळी हर्षालीनं कबूल केलं की तिनं माझ्या जुन्या सगळ्या ओळी त्याला आधी खाऊ घातल्या होत्या. म्हणजे ही ओळ माझ्याच ओळींची पुतणी. तरी राग गेला नाही. पुतणी माझ्यापेक्षा देखणी निघाली.

१२ नोव्हेंबर

गुंडाप्पांना काम सापडलं! यंत्र वाचून दाखवतं तेव्हा उच्चार तपासायचे. ते खुर्ची पुढं ओढून, डोळे मिटून ऐकतात आणि दर वाक्याला हात वर करतात. "असं न्हाय म्हणत." माझं माहेर जळकोट. यंत्र म्हणतं, जळ... कोट. कुणाचा तरी कोट जळतोय असं वाटतं. गुंडाप्पा म्हणाले, "तोडायचं न्हाय. एका दमात म्हणायचं. जळकोट." ईट गावाच्या नावाला यंत्र अडखळलं, भूमच्या नावाला अडखळलं. हर्षाली कंटाळून पेंगायला लागली, गुंडाप्पांचा हात वरच.

मी काय बोलणार, माझं बोलणंही ते असंच सुधारतात. मागं पथनाट्याच्या तालमीत मला एक वाक्य इतक्यांदा म्हणायला लावलं की मी रुसून जीपमध्ये जाऊन बसले होते.

गंमत अशी की गावांची नावं इतकी चोख म्हणणारा हा माणूस माणसाचं एकही नाव घेत नाही. मी 'बाई'. हर्षाली 'चित्रवाली'. विरुपाक्ष 'डायवर'. पुढाऱ्यांच्या कार्यक्रमातसुद्धा भोंग्यावर 'पाहुणे आले हायत' एवढंच. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस त्यावरून भांडायला आला होता. गुंडाप्पा म्हणाले, पाहुण्याला पाहुणा म्हणलं, काय चुकलं? आम्ही त्यांच्या पाठीमागं म्हणतो, गुंडाप्पामामांना नावं आठवतच नसतील. किंवा ताठा असेल. कलावंत माणूस.

१८ नोव्हेंबर

सरांनी आज मला एकटीला बोलावलं. गुंडाप्पांच्या आवाजाची नक्कल करता येते. थोडा वेळ त्यांनी वाचायचं, मग यंत्र त्यांच्याच आवाजात काहीही बोलेल. आठही तालुक्यांत एकाच दिवशी. पण त्यांच्या मर्जीशिवाय नाही, आणि ही मर्जी तुम्ही विचारा. समन्वयक ना!

मी बरं म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यातच उभी राहिले. माणसाला त्याचा आवाज कसा मागायचा? कुणी चार दिवस रजेवर गेला की त्याचं टेबल मागतात तसा?

२० नोव्हेंबर

अजून विचारलं नाही. नखं खाऊन संपली.

२२ नोव्हेंबर

विचारलं. गुंडाप्पांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. मग उलट मलाच विचारलं, "बाई, तुमी सांगा. देऊ?"

हे नको होतं! हो म्हणाले असते तर बरं, नाही म्हणाले असते तर त्याहून बरं. आता यांचा आवाज माझ्या हातात. म्हटलं, मामा, मी कोण सांगणार. तर म्हणाले, सहा सालं तुमी लिवता आन् म्या म्हणतो. तुमचं एक वाक्य कधी माझ्या तोंडाला टोचलं न्हाय. तुमी म्हणाल तसं.

२४ नोव्हेंबर

द्या म्हणून सांगितलं.

कारणं लिहून ठेवते, उद्या विसरायला नको. त्यांचा घसा खरंच बसत चाललाय, धूळ खाऊन खाऊन. निवृत्ती जवळ आलीय. आणि परंड्याच्या टोकाच्या वस्तीवर शिबिराची खबर वेळेवर पोचली तर वाईट काय? ही झाली सांगायची कारणं. न सांगायचं कारण असं की सर रोज विचारत होते आणि मला एकदाचं सुटायचं होतं.

गुंडाप्पांनी मान डोलावली. म्हणाले, "एकच हाय. नाव घ्यायचं न्हाय त्यानं." मी विचारलं, कुणाचं? म्हणाले, "कुणाचंच."

मला त्या पुढाऱ्याचा माणूस आठवला. हसू आलं. बरोबर आहे, उद्या यांच्या आवाजात कुणीही स्वतःचा जयजयकार करून घ्यायचा! सरांना नीट वाक्य करून दिलं: 'या आवाजात राजकीय व्यक्तींची नावे घेऊ नयेत.' सर म्हणाले, रास्त आहे.

२७ नोव्हेंबर

मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून गुंडाप्पांना वाचायला बसवलं. पेपरमधली बातमी, हवामान, माझं एक जुनं पथनाट्य. पथनाट्यातल्या पात्रांची नावंसुद्धा गाळून वाचली! मला वाटलं, गंमत करतायत.

दुपारी यंत्र बोललं. विरुपाक्ष दारात होता, तो दचकून मागं वळला, मामा इकडं की तिकडं! तंतोतंत. तो खर्ज, शेवटचा शब्द किंचित वर उचलायची ती लकब. गुंडाप्पा डोळे मिटून ऐकत होते. हात वर केला नाही. एवढंच म्हणाले, "ह्येला खोकला न्हाय." आणि स्वतः खोकले.

घरी आल्यापासून कशात लक्ष नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं.

९ डिसेंबर

सास्तूरला डोळ्यांचं शिबिर आहे. लोहाऱ्याकडच्या मागच्या शिबिराला मोजकीच म्हातारी माणसं आली. सरांचं म्हणणं, भोंगा सगळ्यांसाठी असतो, म्हणून प्रत्येकाला वाटतं तो दुसऱ्यासाठी आहे. नाव घेऊन बोलावलं तर माणूस येईल. मोतीबिंदूवाल्यांना तसं विचारून झालंय, भोंग्यावर नाव पुकारलं तर चालेल का. त्यांनी चालेल म्हटलंय. यंत्राला काय, शंभर नावं दिली तरी घसा बसत नाही.

मग सरांनी मला विचारलं, कर्मचाऱ्यांची हरकत? समन्वयक म्हणून बोला. मी माझं वाक्य आठवलं. राजकीय व्यक्ती. मोतीबिंदूवाली म्हातारी काही राजकीय व्यक्ती नव्हे. म्हटलं, हरकत नाही.

गुंडाप्पांना फोन करावा का? पण ते ईटला लेकीकडं, नातवाच्या बारशाला गेलेत. लोक घरात, गडबड. कशाला. हर्षाली म्हणाली, बारशात तरी नाव घेतील का मामा! खूप हसलो.

मी लिहिलं: 'सास्तूरकरांनो, नावं ऐका.' आणि खाली नावं. साधं, सरळ. स्वतःवर खूश आहे आज.

१५ डिसेंबर

उद्या जीप सास्तूरला. गुंडाप्पा अजून ईटलाच. विरुपाक्ष एकटा जाईल, भोंग्यातून मामा बोलतील. काय काळ आलाय!

१६ डिसेंबर

विरुपाक्ष दुपारीच परत आला. भोंगा बिघडलाय म्हणतो. तपासला, ठणठणीत आहे. मग म्हणतो, ताई, पहिली दोन नावं झाली आन् गल्लीच गप झाली. पोरं नेहमीसारखी जीपमागं पळत हुती, त्यास्नी बायांनी हाताला धरून आत नेलं. एका म्हाताऱ्यानं डोक्याचा पटका काढून हातात धरला. मला कुणी काय बोलंना. मी आपली गाडी काढली.

काही समजत नाही. आपलं मराठी चुकलं का? 'ऐका' ऐवजी 'ऐकावीत' हवं होतं?

१७ डिसेंबर

समजलं.

सास्तूरच्या सरपंचाचा सरांना फोन आला. आण्णासाहेब म्हणून एक यादीत होते, त्यांचे पुतणे जळकोटहून मोटारसायकली काढून आले. कशाला, तर खांदा द्यायला. आण्णासाहेब ओट्यावर बसून दाढी करत होते. त्यांनी पुतण्यांना शिव्या घातल्या आणि चहा पाजला. इथपर्यंत हसायचं.

दुसरं नाव विठाबाई. एकट्या राहत नाहीत, लेक, सून सगळे आहेत. आपलं नाव ऐकलं आणि ज्वारी पाखडता पाखडता सूप खाली ठेवलं. आत जाऊन धुतलेलं लुगडं नेसल्या आणि बाजेवर पडल्या. अन्न नाही. घोटभर पाणी, बस्स. म्हणतात, गुंडाप्पानं नाव घेतलं, आता माझं झालं.

सरांनी मला विचारलं, असं का? मला काय माहीत असं का! मग त्यांनी गुंडाप्पांना फोन लावला आणि फोनवर बोलता बोलता खाली बसले.

१८ डिसेंबर

झालं तसं लिहिते.

गुंडाप्पा ईटहून परस्पर येऊन सास्तूरच्या वाटेवर उभे होते. जीपमध्ये माझ्या शेजारी बसले. मी वाट बघत होते, शिव्या द्या, काहीतरी बोला. लोहारा मागं पडल्यावर म्हणाले, "म्या कुणाचंच म्हणलं हुतं ना, बाई?"

म्हटलं, हो. मला वाटलं पुढाऱ्यांचं.

"तुमी लिवणारी माणसं. आमचं बोलणं नीट करून लिवता."

रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर सोसलं असतं.

मग सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी ते विशीतले, सास्तूरलाच. पत्र्याच्या शेडात सगळं गाव. आवाज मोठा म्हणून कुणीतरी हातात भोंगा दिला. मेलेल्यांतली जी माणसं ओळखू आली त्यांची नावं रोज सकाळी म्हणायची, म्हणजे घरच्यांनी शेवटचं बघायला यावं. लोक भोंग्यापुढं उभे राहायचे. ज्याच्या घरचं नाव आलं तो बाजूला व्हायचा. "सुरवात काय करत हुतो ठावं हाय? नावं ऐका."

माझंच वाक्य. माझं कसलं! मी तेव्हा सहा वर्षांची, जळकोटला. आमची फक्त उतरंड पडली होती आणि आम्हा पोरांना अंगणात झोपायला मिळालं म्हणून मजा वाटली होती.

विठाबाई भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. लेक हात जोडून म्हणाला, आय, हे बघ गुंडाप्पा आलाय, तूच विचार. गुंडाप्पा बाजेशी जमिनीवर बसले. म्हणाले, मावशी, त्यो म्या न्हवतो. मशीन हुतं. म्हातारीनं वळूनही पाहिलं नाही. "आवाज तुजाच हुता."

"आवाज माझा. म्या न्हवतो."

मी मध्ये पडले. सांगितलं, आजी, मी लिहिलंय ते, माझी चूक आहे, डोळ्यांचं शिबिर आहे हो नुसतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. कोण ही, असं. मग गुंडाप्पांना म्हणाल्या, "मग आता तू घे माझं नाव. तुझ्या तोंडानं. जित्या माणसाला मारत्यात तशी हाक मार. उठते."

किती सोपं! विठाबाई. चार अक्षरं. आम्ही सगळे गुंडाप्पांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. घशातून खरखर आली आणि पुढं काही नाही. पुन्हा उघडलं. कपाळाला घाम. पन्नाशी उलटलेला माणूस, जिल्ह्याला आवाज पुरवणारा. मग त्यांनी बाजेच्या कडेवर डोकं टेकवलं आणि रडले. मला बघवेना, मी दाराशी जाऊन उभी राहिले.

म्हातारीच उठली. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. समदी नावं वाचलीस तू तवा. एक सोडून. ते अजून तसंच हाय व्हय रं तुज्याजवळ?" गुंडाप्पांनी होकारार्थी मान हलवली. ती सुनेवर ओरडली, उद्या येळवस आन् चूल थंड? उंडं कोन करनार, तुजा बा? आणि गुंडाप्पांना म्हणाली, बस, जेवून जा.

दोघं एका ताटात जेवले. आम्हालाही वाढलं.

एक सोडून. कोणतं, ते मी विचारलं नाही. आता कुणाला काही विचारायची हिंमत राहिली नाही.

१९ डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. सगळा जिल्हा शेतात जेवतोय, आंबील पितोय. मी माहेरी गेले नाही. आईला फोनवर सांगितलं, डोकं दुखतंय. दुखत नव्हतं.

२३ डिसेंबर

बैठक. या वेळी कुणी गप्प नव्हतं. हर्षाली म्हणाली, कर्मचाऱ्यांना विचारलं म्हणजे काय, तर एकानं ऐकलं आणि दुसऱ्यानं लिहिलं. माझ्याकडं न बघता म्हणाली. बघितलं असतं तरी चाललं असतं. सरांनी चूक स्वतःवर घेतली. पुढं ज्याचं काम त्यानं स्वतः बोलायचं, त्याच्याच शब्दांत, आणि दुरुस्ती करायची नाही, असं ठरलं. मी समन्वयकपद सोडते म्हटलं. सर म्हणाले, आताच खरं तुम्हाला ते जमेल. चीड आली, तरी नाही म्हणाले नाही.

गुंडाप्पांच्या आवाजाची नक्कल आजच पुसून टाकू, सर म्हणाले. आम्ही सगळे हो हो म्हणत होतो. तर गुंडाप्पाच म्हणाले, "थांबा. ऱ्हाऊ द्या थोडं दिस."

कशाला? एवढं होऊन? मला तर वाटलं होतं ते स्वतःच्या हातानं पुसतील. भोळेपणा, की भीड? सरांना वाईट वाटू नये म्हणून? मला त्यांचा संतापच आला. ज्या गोष्टीनं माणसाला एवढं रडवलं ती सांभाळून ठेवायची!

२९ डिसेंबर

त्यांच्याशी नीट बोलले नाही. तेही नाही. ते यंत्राच्या खोलीत डोकावतात आणि परत येतात. आज दोनदा.

विठाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणे. सुनेचा फोन आला होता. आता सुई स्वतः ओवतात आणि सगळ्यांना ओवून दाखवतात.

५ जानेवारी

सगळे जेवायला गेल्यावर गुंडाप्पा आत आले. म्हणाले, त्यो आवाज आज पुसून टाका, पण आधी एक काम हाय. मी विचारलं, काय लिहू? तर म्हणाले, "तुमी न्हाय. मला नुसतं दावा, कुठं लिवायचं." एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं. मी पडद्यावर वाचलं. जगदेवी.

"माझी धाकटी भैन. ते एक वाचायचं राह्यलंय. माझ्या तोंडनं निघत न्हाय, त्याच्या निघंल."

मी बटण दाबलं. त्यांच्याच आवाजात यंत्र म्हणालं, जग... देवी.

गुंडाप्पांच्या कपाळाला आठी पडली. हात वर गेला. "असं न्हाय म्हणत. तोडायचं न्हाय, एका दमात म्हणायचं. जगदेवी."

म्हणून झालं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.